पहाऱ्यावरची पेटी

शेवगा पुन्हा फुलला आहे. मागच्या दारातून पाऊल टाकलं की पांढरी-पिवळी फुलं पायाखाली येतात आणि चपलेला चिकटून थेट स्वयंपाकघरात पोचतात. आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला या झाडाचं भारी कौतुक. "वा, घरच्या घरी शेंगा!" म्हणतात आणि निघताना पिशवी मागतात. मला मात्र या दिवसांत त्या झाडाकडे बघितलं की डोकं फिरतं. गेल्या वर्षी याच फुलांच्या भरवशावर मी मधमाश्यांची पेटी आणली होती, आणि आणताना माझ्या मनात मधाचा एक थेंबही नव्हता.

खरं सांगायचं तर ती पेटी मी माझ्या धाकट्या दिरासाठी आणली. त्यांना चावाव्यात म्हणून.

आता हे वाचून कुणी नाक मुरडेल. मुरडा. आधी ऐकून घ्या.

आमचं घर इंदूरच्या एका जुन्या कॉलनीत आहे, सासऱ्यांनी बांधलेलं, दुमजली. खाली मी आणि हे, वर विनोद भाऊजी आणि जाऊबाई. कागदावर दोघा भावांची नावं आहेत आणि पुढचं-मागचं अंगण दोघांचं सामायिक आहे. सामायिक या शब्दाचा अर्थ मला काही वर्षांपूर्वी नीट कळला. बहिणीच्या ऑपरेशनसाठी मी भोपाळला गेले होते. पंधरा दिवसांनी परत आले तर पुढच्या अंगणातला मोगरा, अनंत, दोन जास्वंदी, सगळं साफ. तिथे गुळगुळीत करड्या फरश्या आणि फरश्यांवर भाऊजींची गाडी. हातात पिशव्या घेऊन मी फाटकातच उभी राहिले. हे दारात आले आणि म्हणाले, "अगं, त्याची गाडी उन्हात राहत होती."

मोगऱ्याबद्दल आमच्या घरात झालेलं बोलणं एवढंच.

भाऊजींचा मला राग आहेच, तो मी लपवतही नाही. पण यांच्यावरचा राग निराळा. हे माणूस म्हणून इतके सालस, की दूधवाल्यानं पाणी घातलं तरी "पाणीही चांगलं आहे हो" म्हणतील. भावापुढे तर तोंडाला कुलूप. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, या माणसानं माझ्या बाजूनं एक वाक्य उच्चारलं असेल तर मी तरी ते ऐकलेलं नाही.

तर, पुढचं अंगण गेलं आणि भाऊजींची नजर मागच्या अंगणाकडे वळली. त्यांचा सांवेर रोडवर खोके बनवायचा छोटा कारखाना आहे. तिथे जागा पुरत नाही म्हणे. एके दिवशी जिन्यातून उतरता उतरता माझ्या तुळशीकडे बोट दाखवून म्हणाले, "वहिनी, पीछे की इतकी जगह खाली पडून आहे, काय फायदा? शेड टाकून घेऊ. माझे खोके राहतील, बारिश में तुमचे कपडे पण सुकतील."

"खाली कुठे आहे? मी आहे ना तिथे," मी म्हटलं.

"अरे यार वहिनी, तुम्ही पण ना!" हसले आणि गेले. हे मागच्या पायरीवर पेपर वाचत बसले होते. पेपरामागून हूं की चूं आलं नाही. पान तेवढं उलटलं.

भाऊजींच्या भाषेत खाली, म्हणजे रिकाम्या पडलेल्या त्या जागेत काय होतं ते सांगते. तुळस होती, कढीपत्ता होता, शेवगा होता. धुणं धुवायची काळी शिळा होती, जिच्यावर शाळेत शिकवून आल्यावर मी पाय सोडून बसायचे. शाळेत मुलांनी, हेडमास्तरांनी, पालकांनी दिवसभर डोकं खाल्लेलं असायचं. घरात शिरण्याआधी दहा मिनिटं त्या शिळेवर बसलं की मी माणसात यायची. एवढ्यासाठी भांडायचं? हो, एवढ्यासाठीच. माझ्या नावावर दुसरं काही नाही.

त्याच हिवाळ्यात शाळेतल्या एका मैत्रिणीच्या शेतावर सांवेरकडे गेले होते. धणे फुलले होते. दूरवर पांढरट जांभळी झाक, आणि बांधाला ओळीनं निळ्या पेट्या मांडलेल्या. शेतात कामाला आलेल्या बायका त्या पेट्यांना लांबचा वळसा घालून जात होत्या. पेट्यांना ना कुलूप ना कुंपण, तरी एक माणूस त्या बाजूला फिरकत नव्हता. बाकीच्यांना तिथे मध दिसला असेल. मला भिंत दिसली.

पेट्यांचे मालक मांगीलालजी. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. मी एक पेटी मागितली तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "शहद का शौक है, भाभीजी?"

"शौक नहीं, ज़रूरत है," मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. भल्या माणसाचं लक्षण.

महिन्याभरानं, उजाडायच्या आत, मोटरसायकलला मागे ओल्या पोत्यात गुंडाळलेली पेटी बांधून ते आले. पेटीच्या तोंडाच्या फटीत गवताचा बोळा कोंबलेला. आतून नुसता घुमणारा आवाज, दोन घरं सोडून कुणीतरी मिक्सर लावावा तसा. शेवग्याखाली लोखंडी घोडी ठेवली, तिच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. या सातेरी माश्या, आपल्या इकडच्याच, त्यांनी सांगितलं. मग सूचना. आठ दिवसांतून एकदाच उघडायची. फुलं कमी झाली तर साखरेचं पाणी द्यायचं, तेही आत, बाहेर नाही. "रोज-रोज मत खोलजो, भाभीजी. इसको अपना घर चैये, तमाशा नी चैये. और खोलने से पेले थोड़ा-सा धुआँ दे देना, शांत रेगी."

मी वहीत लिहून घेतलं. धूर, शांत. खाली दोन रेघा मारल्या. शिकवणाऱ्याला शिकायचं म्हटलं की असंच होतं, दोन शब्द पाठ करायचे आणि आपल्याला सगळं कळलं समजायचं.

हे पायरीवर उभे राहून बघत होते. "चावतील का गं?" त्यांनी विचारलं.

"ज्याला चावायचं त्याला चावतील," मी म्हटलं.

पण पहिला हल्ला माझ्यावरच झाला. आठव्या दिवशी मी चिलखत चढवलं. यांचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, भांडी घासायचे रबरी हातमोजे, आणि उन्हाळ्याच्या टोपीला शिवलेला मच्छरदाणीचा तुकडा. धूर द्यायचा मात्र साफ विसरले. झाकण उचललं, पोळं लागलेली पहिली लाकडी चौकट ओढली आणि ती हातातून निसटून परत आपटली. पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. मच्छरदाणीच्या आत एक माशी. ती बाहेर जायला धडपडतेय, मी आत ओरडतेय. भुवईवर पेटलेली काडी टेकवल्यासारखी कळ. मी झाकण न लावता स्वयंपाकघरात पळाले आणि दार लावून घेतलं. मधमाश्यांकडून उद्योग शिकावा, एकी शिकावी असा धडा मी वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतला. तो लिहिणाऱ्याच्या भुवईवर माशी कधी बसली नव्हती, एवढं मी आता खात्रीनं सांगू शकते.

डोळा दोन दिवस बंद होता. एका डोळ्यानं मी वरच्या जिन्याकडे बघितलं आणि मला बरं वाटलं. माल अस्सल होता.

मग वरून तक्रारी यायला लागल्या. या माश्या पेटीत घाण करत नाहीत, बाहेर उडतात आणि तिथे मोकळ्या होतात. गच्चीवर वाळणाऱ्या जाऊबाईंच्या पांढऱ्या चादरींवर मोहरीएवढे पिवळे ठिपके. "वहिनी, हे काय आहे? सर्फ मध्ये भिजवून पण नाही निघत!" जाऊबाई गच्चीवरून ओरडल्या. मी खालून म्हटलं, "हळद असेल." भाऊजींच्या वाळत घातलेल्या शर्टावरही कॉलरखाली तीन ठिपके निघाले. मी पेटीपुढे जाऊन कौतुकानं बघून आले.

आणि मग तो दिवस. भाऊजी शेडवाल्याला घेऊन आले. मला न विचारता, मागच्या दारानं सरळ अंगणात. शेडवाल्यानं टेपचं टोक भिंतीला लावलं आणि भाऊजी दुसरं टोक धरून मागे मागे सरकत गेले. मी खिडकीतून बघत होते. "भाऊजी, मागे पेटी आहे" असं मी म्हणू शकले असते. नाही म्हटलं. त्यांची पाठ पेटीच्या तोंडापुढे आली, माश्यांची वाट अडली, आणि दोन मिनिटांत भाऊजी टेप टाकून, हात झाडत, "अरे भिया, भाग!" असं ओरडत घरात. शेडवाला फाटकाबाहेर. टेप अंगणात तशीच वळवळत गुंडाळली गेली.

भाऊजींचा वरचा ओठ सुजून कारल्यासारखा झाला होता. मी देवघरातल्या कपाटाची लोखंडी किल्ली आणली. माशी चावली की लोखंड घासायचं, हा आमच्याकडचा जुना उपाय. मी घासली. जरा जास्तच जोरानं घासली.

"वहिनी, तुम्ही माश्या पाळल्या का माझ्यावर गार्ड ठेवले?" सुजलेल्या ओठातून ते म्हणाले.

"दोन्ही," मी म्हटलं.

त्यानंतर मागच्या अंगणात कुणी पाऊल टाकलं नाही. भाऊजी जिन्याच्या खिडकीतून बोलायचे. भांडीवाली भांडी दारातच ठेवायची. अंगण माझं झालं. मी शिळेवर बसायची, पेटीपासून सात-आठ हातांवर, आणि जिंकलेल्या माणसासारखी इकडेतिकडे बघायची.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण नुसतं वैर घेऊन माणूस किती दिवस बसून राहील? नजर आपोआप त्या फटीकडे जायला लागली. पायांना शेवग्याचा पराग लावून एकेक माशी उतरायची, आत शिरण्यापूर्वी फळीवर क्षणभर टेकायची. दाराशी चार-पाच जणी तोंड बाहेर करून पंख हलवत उभ्या. उन्हं तापली की पेटीतून ऊबदार, किंचित आंबूस, मेणाचा वास यायचा. मला त्या आवडायला लागल्या. सरळच सांगते, फार आवडायला लागल्या. घरात कुणी माझ्या बाजूनं बोललं नव्हतं आणि या हजारो जणी एक शब्द न बोलता माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या, असं काहीतरी खुळ्यासारखं मी मानून बसले.

आणि आवडतं त्याचं आपण काय करतो? आपल्या रीतीनं लाड करतो. आमच्याकडे दिवेलागणीला तुळशीपाशी निरांजन लागतं आणि धुपाटण्यात निखाऱ्यावर धूप-लोबान टाकून घरभर फिरवतात. सासूबाई करायच्या, मी करते. घर शांत होतं, वाईट-वंगाळ जातं, आजारी माणसाच्या खोलीत तर दोनदा. त्या दिवसांत तुळशीला ओवाळून झालं की मी धुपाटणं घेऊन पेटीपाशीही जायला लागले. चांगली दोन-दोन मिनिटं उभी राहायची, पदरानं वारा घालून धूर फटीतून आत जाईल असं बघायची. धूर, शांत. वहीत लिहिलेलंच होतं. आत आवाज वाढायचा आणि मला वाटायचं, ओळखतात मला.

रोज. महिनाभर तरी.

चैत्र लागला. शेवगा संपत आला होता, भिंतीपलीकडचा कडुनिंब फुलायला लागला होता. सकाळचे अकरा वाजले असतील. हे बँकेत गेले होते, वर जाऊबाईंकडे कुणी नव्हतं. मी शिळेवर साडी आपटत होते आणि आवाज बदलला. मान वळवून बघते तो फटीतून माश्या सांडत होत्या. धान्याचं पोतं फाटावं तशा. आधी पेटीवर, मग हवेत, मग सगळं अंगण त्यांनी भरून गेलं. मी मध्येच उभी होते, डोक्यावर मच्छरदाणी नाही, हातात ओली साडी. एकही चावली नाही. कुणाला माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. तो सगळा घोळका शेवग्याच्या शेंड्याएवढा वर गेला, कडुनिंबावरून तिरपा झाला आणि पलीकडच्या गच्च्यांवरून निघून गेला.

पेटी उघडली तेव्हा हातमोजे घातले नाहीत. चौकटींना लागलेली पोळी कोरडी होती. जाताना त्यांनी मध नेला होता, अगदी पुसून. तळाशी पाच-सहा मेलेल्या.

मांगीलालजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुंग्या? नाहीत. रोज उघडत होता? नाही, शपथ. मग ते म्हणाले, "धुआँ?"

"रोज," मी म्हटलं. "शाम को, दिया-बत्ती के टाइम."

 मांगीलालजी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "भाभीजी, धुएँ से वो शांत नी होती, डरती है. उसको लगता है जंगल में आग लगी. शहद पेट में भर के भागने की तैयारी करती है, इसलिए काटती नी. एकाध बार ठीक है. आपने तो उसको रोज बोला कि घर जल रिया है."

मी फोन ठेवला. इतकी चिडले होते, पण चिडायला समोर कुणी नव्हतं. भाऊजींनी काही केलं नव्हतं, जाऊबाईंनी फवारा मारला नव्हता. वैऱ्यांना हाकलायला आणलेल्या माश्या वैऱ्यांनी हाकलल्या नाहीत. मी हाकलल्या, रोज संध्याकाळी, न चुकता, हात जोडून.

त्या दुपारी मी पेटीचं झाकण लावलं, वाट्यांत पाणी भरलं आणि ठरवलं की हे कुणाला कळता कामा नये. पेटी रिकामी आहे म्हटल्यावर आठ दिवसांत पत्रे आले असते. मांगीलालजींकडे दुसरी मागितली असती, पण माझी तोंड दाखवायची हिंमत होईना. मग तेव्हापासून मी एका रिकाम्या खोक्याची राखण करत आले आहे. सात-आठ हातांवरूनच वावरायचं, अधूनमधून टोपी-मच्छरदाणी घालून वाकून बघायचं, हात झटकायचा. जिन्याच्या खिडकीतून आवाज येतो, "वहिनी, आहेत का अजून?" मी म्हणते, "आहेत." सगळा उन्हाळा, सगळा पाऊस, सगळा हिवाळा. पाण्याच्या वाट्या मात्र कधी सुकलेल्या दिसल्या नाहीत. मला वाटायचं, दव पडत असेल. भर मे महिन्यात कुठलं आलं दव, हा प्रश्न मला पडला नाही. रागावलेल्या माणसाला हिशेबी प्रश्न पडत नाहीत.

परवा भाऊजी आले. पुन्हा तोच शेडवाला, पुन्हा टेप. मागच्या दारात थांबले आणि डोळे बारीक करून पेटीकडे बघत राहिले. शेवग्याच्या फुलांवर कुठल्या-कुठल्या चार माश्या फिरत होत्या, पण पेटीच्या तोंडाशी शुकशुकाट.

"वहिनी, मला तर वाटतंय पेटी खाली आहे," ते म्हणाले. "एक पण आत-बाहेर नाही करत. देखूँ क्या?"

मी हवेत हात झटकून बघितला.  भाऊजींनी एक पाय अंगणात टाकला.

"विनू, मागे हो." पायरीवरून आवाज आला. पेपर खाली आला होता. "आज फार भडकल्यात. सकाळीच मला चावली."

भाऊजी थबकले. "तुला? कुठे, दादा?"

"ही काय." यांनी डावं मनगट दुसऱ्या हातानं झाकून धरलं आणि माझ्याकडे बघितलं. "अगं, ती किल्ली दे ना जरा. ठणकतंय."

मी आत गेले, देवघरातली किल्ली आणली, दिली. हे मन लावून मनगटावर घासायला लागले. चेहरा असा वेडावाकडा, की मलाही क्षणभर खरं वाटलं. शेडवाला फाटकापर्यंत पोचला होता. भाऊजींनी ओठाला हात लावला, पाय मागे घेतला. "यार दादा, दवाई घे काही," म्हणून ते जिना चढून गेले.

मी शिळेवर बसले. 

"कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या चैत्रापासून. पेपर वाचताना आवाज यायचा, तो बंद झाला."

"आणि वाट्यांत पाणी?"

"रिकाम्या दिसल्या असत्या ना वरून."

"वर्षभर बोलला नाहीत."

"तू बोलली नाहीस," हे म्हणाले. मग पेपरची घडी घालत, "आता खऱ्या आणाव्या लागतील बरं का. त्यांना फोन कर. धुपाटणं तेवढं लांब ठेव."

मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी इतक्या वर्षांचा राग एकदम उसळून वर आला. हेच एक वाक्य. मागे हो विनू, एवढंच. किती सोपं होतं.

"पुढचं अंगण गेलं तेव्हा का नाही बोललात हे?" मी विचारलं. "माझा मोगरा होता तिथे."

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रिकाम्या पेटीकडे बघत राहिले.

"तेव्हा माश्या नव्हत्या ना गं," हे म्हणाले.

आणि पुन्हा किल्ली घासायला लागले. भाऊजी केव्हाच वर गेले होते, बघायला कुणी नव्हतं, तरी हे घासतच होते. "पुरे आता," म्हणत मी उठले आणि त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली. मनगट खरोखरच लाल झालं होतं.